पापुद्रेबाईंचं डावं-उजवं

बाईंना नोकरी लागली ती बाटल्या धुवायला. पशुवैद्यक महाविद्यालयाच्या मागच्या अंगाला, सायकलस्टँडच्या पलीकडे, पक्ष्यांच्या गर्भांचा अभ्यास करणारी एक प्रयोगशाळा होती. तिथे रोज इतक्या बाटल्या मळायच्या, की नवख्याला वाटावं अभ्यास बाटल्यांचाच चाललाय. जाहिरातीत 'सहायक' असा शब्द होता. कुणाला साहाय्य, हे जाहिरात देणाऱ्यालाही ठाऊक नसावं. पहिल्या दिवशी बाई इस्त्रीचे कपडे घालून, केस चापूनचोपून बांधून हजर झाल्या. त्यांना रबरी हातमोज्यांची एक जोडी देण्यात आली. दोन्ही मोजे डाव्या हाताचे होते. तक्रार केली तर उत्तर मिळालं, की मागणीपत्रात डावा-उजवा असं काही लिहिलेलं नव्हतं.

त्याच खोलीच्या कोपऱ्यात एक काका बसायचे. त्यांचं काम गर्भाचे काप काढण्याचं. म्हणजे असं, की उबवणीच्या कपाटातून ठरलेल्या दिवसाचं अंडं घ्यायचं, कोमट मिठाच्या पाण्यात फोडायचं, आतला गर्भ अलगद उचलून पिवळ्या द्रावणात सोडायचा. मग त्यातलं पाणी काढून तो वितळलेल्या मेणात मुरवायचा, साच्यात उभा करायचा आणि मेण थिजू द्यायचं. त्या मेणाच्या ठोकळ्याचे यंत्रावर काप घ्यायचे. केसाच्या जाडीचे पंधरा भाग केले तर त्यातल्या एकाएवढा एक काप. ते एकमेकांना चिकटून रिबिनीसारखे बाहेर येतात. ती रिबीन पाण्यावर तरंगवायची, काचपट्टीवर उचलायची, रंगवायची. त्यानंतर जे काही दिसतं त्यावर साहेबलोक विद्वान होतात.

काकांचे हात थरथरायला लागले होते आणि ही गोष्ट त्यांनी सगळ्यांपासून लपवली होती, म्हणजे सगळ्यांना ठाऊक होती. एकदा त्यांनी बाईंना चहावरची साय चिमट्यानं अख्खीच्या अख्खी उचलताना पाहिलं. दुसऱ्या दिवशी बाईंसाठी यंत्रापाशी स्टूल मांडलेलं होतं. पुढची दोन वर्षं बाई सकाळी बाटल्या धुवायच्या आणि दुपारी पापुद्रे काढायच्या. काका निवृत्त झाले तेव्हा काप काढायला दुसरं कुणीच नव्हतं, म्हणून बाईंना तंत्रज्ञ करण्यात आलं. विद्यार्थ्यांनी त्यांचं नाव पापुद्रेबाई ठेवलं. बाईंना ते आवडलं. आपल्या कामाचं नाव मिळतंय, लोकांना तर हुद्द्याचं मिळतं, असं त्या म्हणायच्या.

काप काढता काढता त्या बघत गेल्या. बघायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, पण मनाईचा कागदही निघाला नव्हता. काही वर्षांनी अंड्यातल्या पिल्लाचा सगळा संसार त्यांना तोंडपाठ झाला. त्यातही त्यांचा जीव होता तो बीजपेशींवर. पुढे ज्यांची अंडी किंवा शुक्राणू व्हायचे त्या या पेशी. त्या सुरुवातीला पिल्लाच्या अंगात नसतातच. डोक्याच्याही पुढे, अंगाबाहेरच्या एका अर्धचंद्रात बसलेल्या असतात. दुसऱ्या दिवशी रक्तवाहिन्या तयार झाल्या की त्या रक्तात उड्या घेतात, अंगभर फिरतात, आणि जिथे पुढे अंडाशय किंवा वृषण व्हायचं त्या कडेपाशी नेमक्या उतरतात. कुणी पत्ता सांगत नाही, कुणी बोट धरत नाही. दोन-अडीच दिवसांत मुक्कामी. याउलट, वरच्या मजल्यावरच्या साहेबांना आपल्या खोलीतून जिना उतरून प्रयोगशाळेत यायला अकरा वर्षं लागली होती, आणि तेही अजून पोचायचे होते.

कोंबडीच्या पोटात डावं-उजवं उघड उघड चालतं, हेही बाईंना पाठ होतं. पहिले सहा दिवस नर काय नि मादी काय, दोन्ही बाजूंना सारखंच दिसतं. मग नराची दोन्ही वृषणं वाढतात. मादीचं मात्र डावं अंडाशय वाढतं आणि उजवं सुकत जातं. अंड्यातून बाहेर पडेपर्यंत उजव्या बाजूला नावापुरती खूण राहते. उजव्यानं काही गुन्हा केलेला नसतो. बाईंना त्या उजव्याबद्दल मायाच होती. आपली बढतीची फाइल त्याच गतीनं वाढतेय, असं त्या घरी सांगायच्या.

ती फाइल 'वरिष्ठ तंत्रज्ञ' या पदाची होती. एकोणीस वर्षं फिरत होती. एकदा साहेबांची सही राहिली, एकदा सही झाली पण शिक्का राहिला, एकदा शिक्का बसला तर तो गुरांच्या दवाखान्याचा निघाला.

घरी तीन माणसं होती. नवरा शिंपी, पुढच्या खोलीतच त्याचं मशीन आणि कापायचं टेबल. सासूबाई खिडकीशी बसून काजं-बटणं करायच्या आणि रस्त्यावरच्या प्रत्येक माणसाच्या कपड्याला नावं ठेवायच्या. संध्याकाळी बाई घरी आल्या की त्या विचारायच्या, "आज किती पिल्लं कापलीस गं?"

"नऊ."

"आणि बढती?"

"तीसुद्धा कापली."

यावर सासूबाई मनापासून हसायच्या. सासू-सुनेचं असं बरं चाललं होतं.

साहेबांविषयी थोडं सांगायला हवं. ते विद्वान होते आणि ही गोष्ट त्यांनी कुणापासून लपवली नव्हती. त्यांचा उंच स्टूलवर बसून सूक्ष्मदर्शकात पाहणारा एक तरुणपणचा फोटो जिन्यात लावलेला होता. फोटोतलं यंत्र सुरू नव्हतं, पण साहेब रुबाबदार दिसत होते. त्या वर्षी त्यांनी एक औषध शोधून काढलं होतं. अंड्याला बारीक भोक पाडून त्याचा एक थेंब आत सोडायचा. त्यानं अंडाशयात काहीतरी बदल होईल अशी त्यांना आशा होती. काय बदल होईल, हे झाल्यावर ठरणार होतं. बारा अंड्यांना औषध, बारांना नुसतं पाणी. नऊ दिवस झाल्यावर बाईंनी सगळे गर्भ काढले. पाणीवाले बारा स्वतः मेणात बसवले. औषधवाले बारा मेणात मुरत ठेवले आणि दुसऱ्या दिवशी रजा घेतली, कारण सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. जाताना चष्मेवालीसाठी चिठ्ठी लिहून ठेवली.

चष्मेवाली ही साहेबांच्या हाताखाली पदवीसाठी संशोधन करणारी मुलगी. हुशार, मेहनती, आणि पदवी साहेबांच्या सहीवर लटकलेली असल्यामुळे अतिशय नम्र. चिठ्ठीत होतं, 'बारा गर्भ साच्यात बसवणे. डोकं वर ठेवणे. विसरू नये.'

नेमका त्याच दिवशी महाविद्यालयाच्या माहितीपुस्तकासाठी फोटोग्राफर आला. प्रमुख शास्त्रज्ञ प्रत्यक्ष काम करताना हवेत, असं त्याचं म्हणणं. साहेब खाली उतरले. घडीचा नवा पांढरा कोट घातला, चिमटा हातात घेतला, आणि बारा गर्भ एकामागून एक साच्यात उभे केले. शेपूट वर, डोकं खाली. टेबलावर चिठ्ठी होती. साहेबांनी ती वाचलीही. 'डोकं वर ठेवणे' ही सूचना फोटोग्राफरची आहे असं समजून त्यांनी हनुवटी चांगली चार बोटं उचलली. बाराही फोटोंत साहेबांची मान ताठ आहे. गर्भाकडे एकाही फोटोत बघितलेलं नाही.

दोन दिवसांनी बाई कामावर आल्या, ठोकळे यंत्रावर चढवले, काप काढले, रंगवले आणि सवयीनं पहिली पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. उजवं अंडाशय टपोरं. डावं वाळलेलं. त्यांनी दुसरी पट्टी घेतली. तेच. मग त्यांनी पट्टी थोडी सरकवून बाकीचं अंग बघितलं. पोट, म्हणजे जठर, जे कोंबडीत डावीकडे असतं, ते उजवीकडे बसलं होतं. यकृताचा मोठा भाग डावीकडे. एवढ्यावर बाईंना जे कळायचं ते कळलं. हे आरशातलं चित्र होतं. काप डोक्याकडून नाही, शेपटाकडून निघाले होते.

"काय गं, उलटे बसवलेस होय?" त्यांनी चष्मेवालीला विचारलं.

चष्मेवालीनं दाराकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "मावशी, मी नाही बसवले. मी नुसता दिवा धरला होता."

बाई वर गेल्या. साहेबांच्या खोलीत फोटोग्राफरनं पाठवलेले नमुने पसरलेले होते.

"साहेब, ते औषधवाले ठोकळे उलटे बसलेत. डावं-उजवं बदललंय."

"बदललंय?" साहेब खुर्चीतून अर्धे उठले. "म्हणजे उजवं अंडाशय वाढलंय?"

"तसं दिसतंय. पण ते उलटं—"

"पाच माद्या आहेत ना त्यात? पाचही?"

"पाचही. पण साहेब, पोटसुद्धा उजवीकडे दिसतंय. म्हणजे—"

"बाई," साहेब मऊ आवाजात म्हणाले. हा आवाज ते फक्त कनिष्ठांसाठी आणि लहान मुलांसाठी राखून ठेवायचे. "तुमचं काम कापणं. बघणं माझं."

झालं. त्या संध्याकाळपासून महाविद्यालयात शोध लागला. साहेबांनी चष्मेवालीकडून चित्रं करवून घेतली. फक्त अंडाशयाचा भाग ठेवायचा, बाजूचा पसारा काढून टाकायचा. चित्रांत दोन अंडाशयं तेवढी राहिली, पोट कात्रीखाली गेलं. मग साहेबांनी हिशेब मांडला, की आज औषधानं उजवं अंडाशय जागं झालंय, उद्या डोस जरा बदलला की दोन्ही जागी होतील, आणि दोन अंडाशयं म्हणजे दुप्पट अंडी. वर्तमानपत्रात बातमी आली, 'कोंबडी देणार डबल!' सोबत फोटो होता. मान ताठ.

बाईंनी ते वर्तमानपत्र घरी नेलं आणि नवऱ्यापुढे ठेवलं. तो एका कोटाच्या बाह्या कापत होता.

"अहो, मला एक सांगा. कापड उलटं अंथरून बाही कापली तर काय होतं?"

"डाव्या हाताची उजव्या हाताला जाते."

"मग तुम्ही काय करता?"

"मी काय करणार? गिऱ्हाईकाची माफी मागतो, नवं कापड आणतो." त्यानं खडू कानावर ठेवला. "का गं?"

"आमच्याकडे त्याला शोध म्हणतात."

नवऱ्यानं बातमी वाचली, फोटो पाहिला, आणि चार ओळींत जे साहेबांना चार आठवड्यांत कळलं नव्हतं ते समजून घेतलं. सासूबाईंना डॉक्टरांनी अजून वाचायची मनाई केली होती. त्या म्हणाल्या, "मला वाचून दाखवा रे." वाचून झाल्यावर म्हणाल्या, "त्याला म्हणावं एक अंडं फोड आणि बघ. एवढं काय त्यात?"

बाईंना रात्रभर ते वाक्य पुरलं. खरंच, एवढं काय त्यात? काप कशाला, मेण कशाला, डावं-उजवं ठरवायची भांडणं कशाला? बारा-चौदा दिवसांचं पिल्लू उताणं ठेवून पोट उघडलं की आतडी बाजूला सारायची. साध्या भिंगाखाली दिसतं सगळं.

साहेबांनी औषधाची नवी तुकडी उबवायला लावली होतीच, येणाऱ्या पाहुण्यांना दाखवायला. 'प्रयोग सुरू आहे' अशी पाटीही रंगवून झाली होती. ती अंडी फोडायची नव्हती, नुसती दाखवायची होती. बाराव्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, बाईंनी त्यातलं एक घेतलं. मादी निघाली. डावं अंडाशय डावीकडे, लांबट, पांढुरकं, चांगलं भरलेलं. उजवं जेमतेम. औषधानं कसलाही फरक पडलेला नव्हता, जणू नुसतं पाणीच सोडलं होतं.

त्या पुन्हा वर गेल्या. खरं तर जायला नको होतं, कारण त्याच टेबलावर त्यांची बढतीची फाइल होती, आणि यावेळी ती उघडी होती. साहेबांच्या हातात पेन होतं.

"एका अंड्यावरून विज्ञान होत नाही, बाई," सगळं ऐकून साहेब म्हणाले.

पाचांवरून होतं का, हे बाईंच्या ओठांवर आलं होतं.

"आणि ही अंडी फोडायची नाहीत असं मी सांगितलं होतं. परवा सोमवारी समिती येतेय. त्यांचं समाधान झालं तर नवी इमारत मिळेल. नवीन इमारत म्हणजे नवीन पदं." साहेबांनी फाइलवर बोटानं टकटक केलं. "तुमची इतक्या वर्षांची सेवा मला दिसत नाही असं नाही. सोमवारनंतर बघू."

पेनाला टोपण लागलं.

जिन्यात चष्मेवाली उभी होती. "मावशी, तुम्ही बरोबर आहात. मी पोट बघितलंय. चित्रं मीच कापली ना." तिचे डोळे भरून आले होते. "पण मला सही हवीय."

"मलाही हवीय," बाई म्हणाल्या. दोघी हसल्या. हसण्यासारखं काही नव्हतं, पण जिन्यात एकमेकींच्या गळ्यात पडून रडणं बरं दिसलं नसतं.

सोमवारी समिती आली. तीन माणसं. त्यातले दोघे नव्या इमारतीचा नकाशा बघण्यात रमले. तिसरे म्हातारे होते, काठी टेकत आले होते, आणि त्यांना इमारतीपेक्षा अंड्यांत रस होता. अशी माणसं समितीवर सहसा घेत नाहीत. कुणाच्या तरी नजरचुकीनं घेतली गेली असावीत.

साहेबांनी पडद्यावर चित्रं दाखवली. टपोरं उजवं अंडाशय भिंतीएवढं दिसत होतं.

"सुंदर," काठीवाले पाहुणे म्हणाले. "आजूबाजूचं कुठे गेलं?"

"आजूबाजूचं?"

"पोट, यकृत वगैरे. पोट कुठे आहे?"

"पोट आपल्या विषयाबाहेर आहे," साहेब हसून म्हणाले.

"माझं मात्र सकाळपासून विषयातच आहे," पाहुणे म्हणाले आणि बशीतलं बिस्किट उचललं. "मूळ पट्टी दाखवा बघू."

मूळ पट्टी बाईंनी आणली. पाहुण्यांनी चष्मा कपाळावर चढवला, बराच वेळ पाहिलं. पट्टी सरकवली. पुन्हा पाहिलं.

"याचं पोटही उजवीकडे गेलंय की हो."

साहेब मोठे हजरजबाबी होते. "तेच तर! औषधाचा परिणाम आमच्या अपेक्षेपेक्षा फार व्यापक आहे."

"यकृतही फिरलंय."

"फारच व्यापक."

"मग हृदय?"

"त्यावर आम्ही दुसरा निबंध लिहितोय," साहेब म्हणाले.

पाहुण्यांनी मान वर केली. "हे काप कुणी काढले?"

"या बाईंनी," साहेबांनी ताबडतोब सांगितलं. चोवीस वर्षांत त्यांनी बाईंना श्रेय दिलं ते हे पहिलं.

"काप अप्रतिम आहेत. एकाला सुरकुती नाही." पाहुणे बाईंकडे वळले. "आणि ठोकळे?"

"तेही तांत्रिक विभागाकडेच असतं," साहेब म्हणाले.

बाईंच्या डोळ्यांपुढे एकदम फाइल आली, टोपण लावलेलं पेन आलं, नवी इमारत आली. त्यांना वाईट वाटलं ते मात्र वेगळ्याच गोष्टीचं. चोवीस वर्षांत एकही ठोकळा त्यांनी उलटा बसवला नव्हता. प्रत्येकावर डोक्याच्या बाजूला शाईचा ठिपका असायचा. या बारांवर ठिपका नव्हता, आणि ते त्यांच्या नावावर चढवले जात होते. बढती न मिळणं त्यांच्या अंगवळणी पडलं होतं. हे पडण्यातलं नव्हतं.

"साहेब," त्या पाहुण्यांना म्हणाल्या, "काप राहू द्या. अंडं फोडून बघू या का? औषधवाली सहा आहेत, चौदा दिवसांची."

"ती दाखवायची आहेत!" साहेब म्हणाले.

"तेच म्हणतेय. दाखवते."

काठीवाले पाहुणे तोवर उठलेही होते. नकाशावाले दोघेही काय चाललंय ते बघायला आले. बाईंनी उबवणीच्या कपाटातून अंडं घेतलं, त्यावरची औषधाची खूण सगळ्यांना दाखवली, कोमट पाण्याच्या थाळीत फोडलं. पिल्लू झटपट निश्चेष्ट केलं, उताणं ठेवलं, चार टाचण्या टोचल्या. बारीक कात्रीनं पोट उघडलं. आतडी चिमट्यानं एका कडेला घेतली, भिंग खाली ओढलं आणि बाजूला झाल्या.

"हा नर आहे," पाहुणे म्हणाले. "दोन्हीकडे सारखं."

साहेबांना जीवदान मिळालं. ते घड्याळाकडे बघत म्हणाले, "वेळेचा प्रश्न आहे, समितीला पुढे—"

बाईंनी तोवर दुसरं फोडलं होतं. मादी. एकामागोमाग एक पाहुणे भिंगावर वाकले. डावीकडे डावं, उजवीकडे काहीच नाही म्हणावं इतकं थोडं. तिसरं फोडलं. तेच. काठीवाल्या पाहुण्यांनी साहेबांना बोलावलं. साहेब वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले, कारण वर मान केली की काहीतरी बोलावं लागणार होतं.

"ठोकळे साहेबांनी बसवले होते," मागून एक बारीक आवाज आला. चष्मेवाली भिंतीला टेकून उभी होती, पांढरीफटक. "फोटोसाठी. मी दिवा धरला होता."

पुढचं सगळं रीतीप्रमाणे झालं. चौकशी समिती बसली. तिच्या अध्यक्षस्थानी साहेबांचे एक जुने वर्गमित्र होते. समितीनं चार बैठका घेऊन निष्कर्ष काढला, की चूक 'दिशेच्या पातळीवर' झाली असून तिला कोणतीही व्यक्ती जबाबदार नाही, दिशाच जबाबदार आहे. यापुढे प्रत्येक ठोकळ्यावर डोक्याच्या बाजूला शाईचा ठिपका द्यावा, असा नियम करण्यात आला. बाई जे चोवीस वर्षं करत होत्या ते आता परिपत्रकात आलं. या पद्धतीवर साहेबांनी एक निबंध लिहिला, तो छापून आला आणि त्यांना तीन ठिकाणी व्याख्यानाची निमंत्रणं मिळाली. मग महाविद्यालयातच ठिपका देण्याचं दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. बाईंना त्याला प्रशिक्षणार्थी म्हणून बसावं लागलं. प्रात्यक्षिकाच्या वेळी साहेबांना कुठली बाजू डोक्याची हे चटकन आठवेना, तेव्हा बाईंनी बसल्या जागेवरून आपल्या डोक्याला हात लावून दाखवला. त्यांना सहभागाचं प्रमाणपत्र मिळालं. सासूबाईंनी ते बटणांच्या डब्याखाली घातलं, डबा हलायचा म्हणून.

नवी इमारत आली नाही. बढतीची फाइल मात्र परत आली. तिच्यावर शेरा होता, 'सदर कर्मचारी नेमून दिलेल्या कामापलीकडे पाहतात.' नवऱ्यानं तो शेरा दोनदा वाचला आणि म्हणाला, "अगं, हे तर कौतुक आहे." बाईंनाही हळूहळू तसंच वाटायला लागलं. तरी त्या रात्री त्यांना झोप आली नाही हे खरं, आणि पुढे दोन वर्षांनी त्या तंत्रज्ञ म्हणूनच निवृत्त झाल्या हेही खरं. निरोपाच्या भाषणात साहेब म्हणाले, की बाईंचं या संस्थेवर फार मोठं ऋण आहे, ते त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. बाई टाळ्या संपेपर्यंत पायांकडे बघत बसल्या.

चष्मेवालीला साहेबांनी सही दिली नाही. तिनं दुसरे मार्गदर्शक धरले, एक वर्ष जास्त घालवलं, आणि बीजपेशी डाव्या बाजूला जास्त का उतरतात हाच विषय घेतला. तिच्या प्रबंधासाठी साडेतीन हजार काप बाईंनी काढले. पदवी मिळाल्यावर ती पेढे-बिढे काही न आणता थेट घरी आली, प्रबंध सासूबाईंच्या मांडीवर ठेवला, आणि आभाराच्या पानावर बोट ठेवलं. सासूबाईंनी ऑपरेशन झालेल्या डोळ्यानं ते पान वाचलं आणि म्हणाल्या, "नाव अगदी बरोबर लिहिलंय. मोठी शिकलेली दिसते."

काठीवाल्या पाहुण्यांचं पत्र निवृत्तीनंतर आलं. त्यांच्या संस्थेत काप काढायला नवी माणसं होती, यंत्रं भारी होती, आणि कापांना सुरकुत्या होत्या. पंधरा दिवस येऊन शिकवाल का? बाईंनी तीन दिवस विचार केला. आपल्याला इंग्रजी येत नाही, व्याख्यान येत नाही, बाहेरगावी एकटी कधी राहिलेली नाही, अशी सगळी कारणं त्यांनी घरात मांडली. नवऱ्यानं ती ऐकून घेतली आणि मापाची पट्टी काढून पांढऱ्या कोटासाठी खांद्याचं माप घ्यायला लागला.

पहिल्या दिवशी कुणीतरी "मॅडम" म्हणून हाक मारली तेव्हा त्यांनी मागे वळून पाहिलं, कोण आलंय ते बघायला. समोर आठ जण बसले होते, सगळे त्यांच्यापेक्षा जास्त शिकलेले. बाईंनी व्याख्यान दिलं नाही. एकेकाच्या मनगटाला हात लावून यंत्राचं चाक किती सावकाश फिरवायचं ते दाखवलं. चौथ्या दिवशी एका दाढीवाल्यानं पहिली अखंड रिबीन काढली, चांगली वीतभर, आणि तो ओरडलाच. त्या श्वासानं रिबीन उडून फरशीवर गेली. बाई इतक्या हसल्या की त्यांना स्टूलवर बसावं लागलं.

संध्याकाळी त्यांनी घरी फोन केला. सासूबाईंनी उचलला.

"किती पिल्लं कापलीस?"

"आज मी नाही हो. आज आठ जणांनी कापली, मी नुसती ओरडले."

"म्हणजे साहेब झालीस की!"

"छे हो. मी प्रयोगशाळेतच असते."

तेव्हापासून दरवर्षी बोलावणं येतं. यंदा गुडघे साथ देत नाहीत, तेव्हा जाणं काही जमायचं नाही, असं बाई भेटेल त्याला सांगताहेत. तिकीट मात्र काढून झालंय, आणि पांढऱ्या कोटाला नवी बटणं लावायचं काम गेल्या आठवड्यापासून सासूबाईंकडे आहे.